दीड एकराचा ठिपका

तेराव्यानंतर त्यांचे कपडे मी लवकर देऊन टाकले. कपडे घरात ठेवू नयेत म्हणतात. कागदांचं कपाट मात्र दोन महिने तसंच बंद राहिलं. किल्ली माझ्याकडेच होती, पण उघडायला हात होत नव्हता. गेल्या आठवड्यात उघडलं. खालच्या खणात जुन्या जनगणनेच्या पुस्तकांमागे पत्र्याचं एक नळकांडं होतं. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. उलथन्यानं काढावं लागलं. आत एकच ट्रेसिंग कागद होता, पिवळा पडलेला, गुंडाळून गुंडाळून त्याच वळणाचा झालेला. मी तो ताटाखाली दाबून सपाट केला, तेव्हा मधोमध सुईचं भोक दिसलं. ते भोक मी ओळखलं.

त्या भोकाची हकीकत लिहायची आहे. सावकाश लिहिते आहे, कारण यातलं निम्मं त्यांनी मला सांगितलेलं आहे आणि आता विचारायला ते नाहीत.

आम्ही तेव्हा बुलढाण्यात राहत होतो. आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. ते एका सरकारी कचेरीत आरेखक होते. राखीव जंगलांचे आणि सरकारी जमिनींचे नकाशे काढणं हे त्यांचं काम. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. त्यांचं गाव मोताळ्याकडचं, रोहिणखेड. माझं माहेर लोणार.

लोणारचं तळं म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडानं केलेला प्रचंड खड्डा आणि त्याच्या तळाशी साठलेलं खारं पाणी, असं मी वर्गात सांगत असे. घरी आम्ही त्याला नुसतं ‘खाली’ म्हणत असू. बाबा कुठं गेले? खाली गेले. खाली आमची बाग होती. काठावरून उतरताना गोड्या पाण्याची धार लागते. त्या धारेच्या पाण्यावर केळी, पपई, वांगी, मेथी. बागेच्या खालच्या अंगाला चिंचेचं बन. बनाच्या खाली बाभळींचा पट्टा, मग चिखल, मग तळं. धार, बाग, बन, बाभळी, चिखल, पाणी: हा क्रम मला पाढ्यासारखा पाठ होता. जमीन सरकारची. आजोबांच्या वेळेपासून पट्ट्यानं कसत आलेली. दर साल माघात पट्ट्याचा नवा कागद यायचा आणि बाबा तो देवघरात, तसबिरीच्या मागे ठेवायचे.

त्या वर्षांत खाली येणारी माणसं वाढली होती. पूर्वी नवरात्रात देवीच्या यात्रेला गर्दी व्हायची, एरवी शांतता. आता वेरूळ-अजिंठा पाहून आलेल्या मोटारी यायला लागल्या. कॉलेजांच्या सहली यायच्या. पोरं खालीच मुक्काम करायची, खालीच स्वयंपाक. लाकूड कुठून? तिथलंच. बाबा म्हणायचे, “पाह्यले येतात तळं अन् खातात कोंबडी.”

बुलढाण्यात त्यांच्या कचेरीत एक नवे साहेब आले होते. तरुण, शिकलेले, बोलायला सरळ. येणाऱ्या माणसांमुळे खालच्या झाडीचं काय होतं आहे, ते मोजायचं त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी त्यांनी उपग्रहानं काढलेली दोन छायाचित्रं मागवली. सहा-सात वर्षांपूर्वीचं एक, कार्तिकातलं. दुसरं नवं, आदल्या फाल्गुनातलं. ती हैदराबादहून नळकांड्यात गुंडाळून आली. अख्खा जिल्हा एका कागदावर, आणि त्यात आमचं तळं हरभऱ्याच्या दाण्याएवढं. साहेबांनी दोन्हीतला तेवढाच भाग मोठा करून घेतला. दोन्ही चित्रं ताडून कुठली झाडी गेली ते दाखवायचं, हे काम आमच्या घरी आलं.

त्यांनी साहेबांना आधीच सांगितलं होतं, “त्यात माझ्या सासऱ्यांचा तुकडा आहे.”

साहेब म्हणाले होते, “मग तुम्ही जास्तच काळजी घ्याल.”

हे वाक्य त्यांना फार लागलं, असं मला आता वाटतं. त्यांनी ठरवलं की काम संपेपर्यंत लोणारला पाय ठेवायचा नाही. आमच्याकडे जावई सासुरवाडीला गेला आणि उपाशी परत आला असं होत नाही. तो आला की पुरण शिजतं, शेजारचे चार जण पंगतीला बसतात, निघताना टॉवेल-टोपी होते. नको म्हटलं तर तो अपमान. म्हणजे खाली उतरून झाडी पाहायची, तर आधी सासऱ्याच्या ताटावर बसणं आलं. “ज्याचं खाल्लं त्याचा तुकडा मोजायचा, हे मला जमणार नाही,” ते म्हणाले. बाबांचे दोन निरोप येऊन गेले, केळीचा घड उतरवायला आलाय, जवाईबापूंना पाठवा. ते गेले नाहीत.

माघ संपत आला होता. एका रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर मोठं चित्र चिकटपट्टीनं लावलं. त्या खिडकीला ऊन चांगलं यायचं. कचेरीतलं काचेचं टेबल मोडलं होतं. मी भाकरी थापत होते.

“हे लाल काय आहे?” मी विचारलं.

“झाडी.”

“झाडी लाल?”

“यात हिरवं ते लाल येतं. पाणी काळं. उघडी जमीन पांढुरकी.” मग थोडं हसून म्हणाले, “भूगोलाच्या बाईंना सांगावं लागतं का?”

चित्र जवळून पाहिलं तर ते चौकोनी ठिपक्यांचं होतं, भरतकामाच्या जाळीसारखं. एका ठिपक्यात साधारण दीड एकर जमीन. बाबांची बाग म्हणजे दोन ठिपके. चिंचेचं बन दोन ठिपके. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ज्या बागेत मी लहानपणी हरवायची, ती दोन ठिपक्यांत संपत होती.

त्यांनी जुन्या चित्रावरून झाडीच्या कडा ट्रेसिंग कागदावर उतरवल्या होत्या. आता तो कागद नव्या चित्रावर ठेवायचा. दोन्ही नीट एकावर एक बसले तरच ताडणी खरी. कशाच्या आधारानं बसवायचे? उतारांवरच्या सावल्या धरता येत नव्हत्या, कारण कार्तिकातली सावली लांब आणि फाल्गुनातली आखूड. फाल्गुनात पानं गळून उघडे दिसणारे उतारही त्यांनी हिशेबातून वगळले होते. ते घाई करणारे नव्हते. त्यांनी सर्वांत ठळक गोष्ट धरली: तळं. काळा गोळा. दोन्ही गोळ्यांचा मध्य काढला, माझ्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि कागदाला भोक पाडून मध्यावर मध्य बसवला.

मग ते कागदावर वाकून तसेच थांबले. तवा तापून धूर निघायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही हातातली भाकरी तशीच धरून उभी आहे.

“बन गेलंय,” ते म्हणाले.

“कुठलं बन?”

“तीन नंबरच्या तुकड्याला लागून असलेलं. दोन ठिपके. पूर्वी लाल होते, आता पांढरे.”

“तीन नंबर म्हणजे बाबांची बाग ना?”

“नाव नको घेऊस. तीन नंबर.”

मी भाकरी तव्यावर टाकली. ती फाटली. बाबांनी चिंचा तोडल्या? बाग वाढवायला? मला ते खरं वाटेना, पण दीड वर्ष मी खाली उतरले नव्हते. केळीला त्या वर्षी भाव होता. माणूस काय करील सांगता येत नाही, असंही मनात आलंच. स्वतःच्या वडिलांबद्दल ते मनात आलं, हे मी आज लिहून ठेवते.

“याचं काय होणार?” मी विचारलं.

“पुढच्या मंगळवारी साहेबांकडे बैठक आहे. येणाऱ्या माणसांनी झाडी खाल्ली असं निघालं असतं तर खालचा मुक्काम बंद झाला असता. पण ती बागेनं खाल्ली असं निघतंय. म्हणजे पट्टा बंद होणार.”

“म्हणजे यंदा कागद येणार नाही?”

त्यांनी काचेवरचा कागद उतरवला. मग म्हणाले, “हे लोणारला कळता कामा नये. कळलं की तुझे बाबा चार जणांना घेऊन साहेबांकडे येतील. मग मी काढलेल्या कुठल्याच नकाशाला अर्थ राहणार नाही.”

मी हो म्हटलं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. मी म्हटलं, लोणारला जाऊन येते. ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, “जा. पण जीभ इथं ठेवून जा.”

चिखली, मेहकर, सुलतानपूर करत एसटी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. बाबा अंगणात सुतळी वळत बसले होते.

“काऊन वं माय, एकटीच? जवाईबापू?”

“त्यांना काम आहे.”

“सरकारात एवढं काम असते? आम्हाले तर वाटे, सरकारी माणूस म्हणजे पंख्याखाली बसून राह्यते.” आई आतून ओरडली, “येऊ द्या ना तिले घरात.” बाबा उठले. “नाही, इचारतो फक्त. दोन घड पिकून गेले. एक तर वानरानं खाल्ला. वानर तरी येते बिचारं.”

सकाळी मी बाबांबरोबर खाली उतरले. वाटेत ते धारेवर पाणी प्यायले आणि म्हणाले, “तू शिकलेली हायेस, म्हणून इचारतो. पट्ट्याचा कागद यंदा आला नाही. माघ सरला. तुह्या मालकाची कचेरी तीच ना? इचारशील त्यायले?”

“विचारते,” मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. पाण्यात हात धुतले, पदराला पुसले, चालायला लागले. बाबा मागे काठी टेकत येत होते. काठीचा आवाज ऐकू येत होता आणि मला वळून पाहवेना.

बाग तशीच होती. मी बाग ओलांडून थेट पलीकडे गेले. आणि चिंचा होत्या.

सगळ्या होत्या. तिथं कुणी कुऱ्हाड लावली नव्हती. खाली जुनीच सावली, जुनाच पालापाचोळा, वानरांनी टाकलेली टरफलं. मी एका टोकापासून मोजायला लागले. एकेका बुंध्याला हात लावून मोजलं, चूक नको म्हणून. सदतीस.

“काय मोजून राह्यली वं?” बाबा बागेतून ओरडले.

“काही नाही.”

“चिंचा का वानरं?”

मी हसले.

बनाखाली उतरले, तेव्हा कळलं की काय गेलं आहे. बाभळींचा पट्टाच नव्हता. जागोजाग तोडलेल्या झाडांचे खुंट राहिले होते. तीन-तीन दगडांच्या चुली, काळी राख, पत्रावळी, फुटक्या बाटल्या. मोकळं मैदान झालं होतं आणि पायांनी तुडवून पांढरं पडलं होतं. चित्रातले पांढरे ठिपके हेच होते. पण मग ते चित्रात बनाच्या जागी का पडले? वर का सरकले? मी भूगोल शिकवते आणि मला ते कळेना.

खाली एक जुनं पडकं देऊळ आहे. मी शाळेत असताना त्याच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागायचं. आम्ही मुली पायरीवर बसून पाय बुडवायचो आणि मग पायाला त्या पाण्याचा वास दिवसभर राहायचा. आता पायऱ्या कोरड्या होत्या. पायरीपासून पाण्यापर्यंत चिखल वाळून भेगाळला होता. मी चालत गेले. दीडशे पावलांवर पाणी. पलीकडच्या काठाला मात्र पाणी उताराला तसंच भिडलेलं दिसत होतं. तिकडे जमीन एकदम खोल जाते. इकडे धारेनं वर्षानुवर्षं आणलेल्या गाळानं उथळ झालेलं.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मला काही सुचलं नाही.

दुपारच्या एसटीनं निघाले. आईनं शिदोरी दिली. बाबा फाट्यापर्यंत आले. “इचारजो मात्र,” एवढंच परत म्हणाले.

सुलतानपूरला गाडी रस्त्याच्या कडेला एका अंगावर कललेली उभी राहिली. खिडकीतून चहा घेतला. गरम होता म्हणून बशीत ओतला आणि बशी मांडीवरच्या पिशवीवर टेकवली. चहाचा गोल बशीत एका बाजूला सरकून बसला. गोलच होता, पण बशीच्या मध्यावर नव्हता. मी एक घोट घेतला. गोल लहान झाला आणि आणखी एका बाजूला गेला.

मी बशीकडे पाहत राहिले. विक्रेता म्हणाला, “बाई, बशी द्या ना, गाडी सुटून राह्यली.”

तळं आटताना सगळ्या बाजूंनी सारखं आटत नाही. आमच्या बाजूनं पाणी दीडशे पावलं मागे गेलं, पलीकडून गेलंच नाही. म्हणजे नव्या चित्रातला काळा गोळा पलीकडे सरकलेला होता. त्यांनी त्याचा मध्य जुन्या मध्यावर आणून बसवला, त्यामुळे त्याच्याबरोबर अख्खं चित्र अलीकडे, धारेकडे ओढलं गेलं. एक ठिपका. बाभळींचा पट्टा बनावर चढला. सुलतानपूर ते बुलढाणा मला तीन तास लागले आणि त्या तीन तासांत मी हे स्वतःलाच दहा वेळा समजावलं. यात बाबांसाठी मी काही ओढून आणत तर नाही ना, हे दहा वेळा तपासलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. ते ओट्यावर बसून बैठकीची टिपणं स्वच्छ अक्षरात उतरवत होते. मी पिशवी ठेवली आणि म्हटलं, “बन जागेवर आहे. मी मोजून आले.”

त्यांनी टाक खाली ठेवला. “बाबांना काही बोललीस?”

“नाही.”

“जेवलीस तिथं?”

“माझं माहेर आहे ते. जेवणार नाही तर काय करणार?”

“म्हणजे खाऊन आलीस, आणि आता बन जागेवर आहे म्हणतेस.”

मी आत गेले. बशी आणली, पाणी ओतलं, ओट्यावर ठेवली आणि एका कडेखाली बोट घालून उचलली. थोडं पाणी सांडलं. गोल सरकला. “हे तुमचं तळं,” मी म्हटलं, “आणि तुम्ही भोक इथं पाडलंत.”

त्यांनी बशीकडे पाहिलं. त्यांना कळायला माझ्यासारखे तीन तास लागले नाहीत. चेहऱ्यावरूनच दिसलं. पण ते म्हणाले, “मंगळवारी बैठक आहे. आज तू माहेरी जाऊन आलीस. उद्या मी ठिपका हलवला तर लोक काय म्हणतील, तुला कळतं?”

“सासऱ्यासाठी हलवला म्हणतील.”

“म्हणतील नाही, म्हणणारच.”

“आणि नाही हलवला, तर सासऱ्यावर अन्याय केला असं कुणी म्हणणार नाही. उलट नाव होईल. तेवढ्यासाठी बाग जाऊ द्यायची का?”

आमच्या संसारात मी त्यांना इतकं कडू कधीच बोलले नव्हते, पुढेही नाही. ते उठून अंगणात गेले. मग जेवायला आले. भाजी आईनं दिलेल्या वांग्यांची होती. त्यांनी ती बाजूला सारली आणि चटणीशी भाकरी खाल्ली.

सोमवारी उजाडताच त्यांनी मोठे कागद काढले, ज्यात अख्खा जिल्हा होता ते. तळ्याच्या बाहेर, पाण्याशी संबंध नसलेल्या जागा शोधायच्या होत्या. भिंग लावून त्यांनी दोन ओढ्यांचा संगम शोधला, मेहकरच्या रस्त्याचं एक वळण आणि पलीकडच्या टेकडीचं टोक. तिन्ही मोठ्या केलेल्या दोन्ही चित्रांतही कडेला येत होती. नवा ट्रेसिंग कागद घेतला. सुई मागितली. मी दिली. तीन भोकं पाडली, कागद काचेवर लावला आणि मला हाक मारली.

बन लाल होतं. त्याखाली, तळ्याच्या बाजूला, दोन पांढरे ठिपके होते.

“एक ठिपका. अख्खा,” ते म्हणाले. मग स्वतःशीच, “पाणी धरलं मी. पाणी.” नळकांडं घेऊन ते न जेवता कचेरीत गेले. बैठकीपर्यंत थांबले नाहीत.

त्या दिवशी माझा पाचवीवर नद्यांचा धडा होता. मी काय शिकवलं मला आठवत नाही. एका मुलीनं सांगितलं की बाई, तुम्ही पैनगंगा दोनदा काढली.

साहेबांसमोर काय झालं ते त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. साहेबांनी दोन्ही कागद पाहिले आणि दार लावून घेतलं.

“तीन नंबरचा तुकडा तुमच्या सासऱ्यांचा आहे.”

“हो.”

“आणि बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्हाला चूक सापडते.”

“माझ्या बायकोला सापडली, साहेब. काल ती खाली जाऊन आली.”

हे सांगायची गरज नव्हती, मी त्यांना म्हटलं होतं. ते म्हणाले, सापडली तुला, तर मी काय सांगणार?

साहेबांनी दोन्ही कागद पुन्हा एकावर एक धरले. मग म्हणाले, “तुम्ही एकदा तरी तिथं का गेला नाहीत? एका दिवसाचं काम होतं.” उत्तर म्हणून त्यांनी साहेबांना पाहुणचाराचं सांगितलं. साहेब आमच्या भागातले नव्हते. त्यांना ते पटलं नाही, की कळलं नाही, कोण जाणे. “म्हणजे पुरणपोळी चुकवण्यासाठी तुम्ही एका माणसाची बाग घालवणार होता,” ते म्हणाले. हे त्यांना आयुष्यभर लागून राहिलं.

बैठक पुढे ढकलली. साहेबांनी दुसरा माणूस पाठवला, खामगावकडचा, ज्याचं लोणारात कुणी नव्हतं. तो गेला आणि आठ दिवस काही कळलं नाही. त्या आठ दिवसांत घरी बाबांचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. पट्ट्याचं इचारलं का? मी ते पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं. उत्तर लिहायला बसले आणि नुसता मायना लिहून उठले.

नवव्या दिवशी ते घरी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, “बन आहे. सदतीस लिहिलंय त्यानं.” पाडव्याच्या आधी पट्ट्याचा कागद निघाला. खालचा मुक्काम आणि चुली बंद झाल्या, बाभळींच्या जागेला काटेरी तार लागली. तार पुढच्या नवरात्रापर्यंत टिकली. मग ती तुटली, मग परत लागली. तो वेगळा विषय आहे. त्यांनी मात्र फाईलीत स्वतःच्या हातानं लिहून दिलं की पहिली ताडणी चुकीची होती आणि चूक त्यांचीच. कचेरीत पुढे कितीतरी वर्षं कुणी नकाशात काही हलवलं की म्हणायचे, “जवाईबापूंचा ठिपका हाय का बे हा?” ते हसायचे. घरी येऊन सांगायचे आणि परत हसायचे. हसणं खरं नव्हतं.

पाडव्यानंतर आम्ही लोणारला गेलो, दोघं. काम संपलं होतं. पुरण शिजलं. शेजारचे चार जण आले. त्यांनी बुलढाण्याहून मोठं चित्र बाबांना दाखवायला आणलं होतं. बाबांनी ते उन्हात धरलं.

“हे आमची बाग? लाल? मिरच्या लावल्या का मी?”

सगळे हसले. बाबाही हसले. खामगावच्या माणसानं त्यांना काय सांगितलं होतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. जेवणं झाली, पाहुणे गेले, तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, “आता खाल्लं तर चालते ना, जवाईबापू? मोजमाप झालं?”

ते उभे राहिले.

“चला खाली,” बाबा म्हणाले. “तुमच्या कागदात माह्या चिंचा मेल्या होत्या म्हणे. जित्या पाहून घ्या. मोजा.”

उन्हाच्या कहरात ते दोघं खाली उतरले. मी मागून गेले. बाबा बागेच्या कडेला दगडावर बसले आणि ते एकटे बनात गेले. एका झाडापाशी थांबत, पुढे जात. आम्ही बापलेक त्यांच्याकडे पाहत बसलो. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, “त्या दिवशी तूही मोजून गेली.”

“हाव.”

“तुले ठाऊक होतं.”

“हाव, बाबा.”

“धारेवर मी तुले इचारलं. तू इचारते म्हणाली.”

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. नकाशाला अर्थ राहिला नसता, त्यांना शब्द दिला होता, मीच तर चूक शोधली. यातलं एकही तिथं, त्या दगडावर, तोंडातून निघालं नाही.

“त्यानं चूक केली अन् कबूल केली,” बाबा म्हणाले. “तू चूक बी नाही केली. समजून-उमजून गप राह्यली.” आणि उठून केळीत गेले.

परत निघताना बाबांनी एसटीत घड चढवला. तो माझ्या मांडीवर दिला नाही, जावयाच्या दिला. पुढे सगळं सुरळीत झालं. बाबा माझ्याशी बोलायचे, थट्टा करायचे, माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन खाली न्यायचे. पण मला त्यांनी परत कधी कुठला सरकारी कागद दाखवला नाही. शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायचे. बाबा गेले, त्यानंतर काही वर्षांनी खालच्या सगळ्याच बागा बंद झाल्या. आमचीही. तळं राखायचं तर ते बरोबरच होतं, असं मला वाटतं.

परवा तो ट्रेसिंग कागद मी खिडकीच्या काचेवर धरला. खिडकी ती नाही, घरही ते नाही. बरोबर ताडणीचा, तीन भोकांचा कागद कचेरीच्या फाईलीत गेला होता. घरी त्यांनी चुकीचाच ठेवला होता. मधोमध ते एक भोक. तीन नंबरच्या तुकड्याखाली, जिथं त्यांनी बन गेलं म्हणून रेघा मारल्या होत्या, तिथं पेन्सिलीनं बारीक बारीक गोल काढलेले दिसले. ते मी पूर्वी पाहिले नव्हते. त्या दुपारी खालून वर आल्यावर, किंवा पुढे कधीतरी, त्यांनी काढले असावेत.

चष्मा पुसून मोजले. सदतीस भरले.